सैल झाकणांचं घर

आमच्या घरात कुठलीही बरणी झाकणाला धरून उचलायची नाही, हे मी बहुधा चालायच्या आधी शिकले. लोणच्याची बरणी झाकणाला धरून उचलली की झाकण हातात आणि लोणचं पायावर. रॉकेलचा कॅन, खोबरेल तेलाची बाटली, दंतमंजनाची डबी, सगळ्यांची झाकणं नुसती वर ठेवलेली असायची. हे अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं काम. ते बरणी उघडायचे, हवं ते घ्यायचे, झाकण ठेवायचे, अंगठ्यानं त्याला एक हलकी गिरकी द्यायचे आणि डावीकडे अर्धं पाऊल सरकायचे. मागून आई यायची आणि दात-ओठ खाऊन ते झाकण आवळायची. "एक दिवस ह्या घराचं छप्परबी नुसतं वर ठेवलेलं निघंल," असं ती म्हणायची. अण्णा हसायचे. चहा घेऊन झाल्यावर साखरेच्या डब्यावर पुन्हा तीच गिरकी.

अण्णा वाळूजच्या एका मोठ्या कंपनीत मोटारसायकलच्या लाईनवर होते. डावीकडून पट्ट्यावरून गाडीचा नुसता सांगाडा यायचा, वरून साखळीला लटकत इंजिन यायचं. अण्णा ते इंजिन सांगाड्यात बसवायचे, लांब बोल्ट आरपार सारायचे, त्यांवर नट चढवायचे, की गाडी उजवीकडे पुढं. पुढं काय व्हायचं ते पुढचे लोक बघत. वर्षानुवर्षं हेच. बजाजनगरच्या आमच्या गल्लीत मात्र अण्णांचा लौकिक असा, की हा माणूस डोळे झाकून अख्खी फटफटी बांधतो. अण्णांनी तो लौकिक कधी नाकारला नाही. कुणाची गाडी बंद पडली की ते जवळ जायचे, वाकून इंजिनाकडं बघायचे, "हं" म्हणायचे आणि परत यायचे. त्या "हं"वर गल्ली खूश असायची.

मी डी.एड. झाले आणि गंगापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत मला नोकरी लागली. मी घरभर नाचले. आईनं देवापुढं साखर ठेवली आणि वळून अट घातली, "दिवे लागायच्या आत घरी. तिथं एकटीनं खोली करून ऱ्हायचं नाय." आता त्या गावाला जाणारी सकाळची एसटी शाळा भरल्यावर पोचायची आणि परतीची एसटी शाळा सुटायच्या आधी निघून जायची. एवढा अचूक खोडसाळपणा ठरवूनही जमला नसता. उरली आमची जुनी मोटारसायकल. अण्णांनी ती मला सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यांवर शिकवली होती, पंजाबी ड्रेसची ओढणी मला कमरेला बांधायला लावून. मी फटफटीवर शाळेत जाणार हे ऐकून आईनं कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाली नाही. कारण तिच्याजवळ दुसरा बेत तयार होता. वैजापूरकडचं एक स्थळ होतं, घरचं कापडाचं दुकान, आणि मुलाचं म्हणणं होतं की बायकोनं नोकरीबिकरी करू नये. म्हणजे हिशेब सरळ होता. गाडी चालली तर शाळा, नाही तर गल्ल्यावर बसलेल्या नवऱ्याला दुपारचा डबा.

आणि रुजू व्हायचा दिवस तोंडावर आलेला असताना गाडी जाम झाली. बरेच दिवस निळा धूर ओकत होती, तिकडं आम्ही कानाडोळा केला होता. एका सकाळी किक खाली जाईचना. मी तिच्यावर दोन्ही पायांनी उभी राहिले तरी जाईना. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं पाहिलं आणि सांगितलं, "ये इंजिन का काम तमाम हो गया. दूसरा लाव, हप्ताभर गाडी छोडके जाव."

हप्ताभर वेळ माझ्याजवळ नव्हता. पण अण्णांना लागलं ते वेगळंच. त्यांच्या गाडीचं इंजिन दुसऱ्या माणसानं बसवायचं, तेही हप्ताभर लावून? "मग म्या तिथं काय भजे तळतो व्हय?" ते म्हणाले, आणि रविवारी आपण घरीच इंजिन बसवणार असल्याचं त्यांनी जाहीर केलं. रुजू व्हायचं होतं सोमवारी. आईनं स्थळाचा फोटो देव्हाऱ्यातून काढून टीव्हीवर ठेवला, सहज दिसेल असा.

इंजिन दिलं मामानं. गंगापूरला त्याची अगदी आमच्यासारखीच गाडी होती. उसाची ट्रॉली मागं घेताना कुणीतरी ती चेपली होती. सांगाडा पार वाकडातिकडा, पण इंजिन ठणठणीत. शनिवारी मामा ते काळ्यापिवळ्या जीपमधून घेऊन आला, आईनंच त्याला कधीतरी शिवून दिलेल्या गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन. जीपमध्ये शेजारी बसलेल्या एका बाईनं म्हणे अर्ध्या वाटेत विचारलं, लेकरू आजारी आहे का. मामा म्हणाला, "आजारी नाय, जड हाय." पायजम्यावर ऑइलचा हा मोठा काळा डाग पडलेला. त्यानं इंजिन ओट्यावर ठेवलं, चहा घेतला आणि "काही बिघडलं तर मला सांगू नका" असं बजावून परतीची जीप गाठली.

रविवारी सकाळी अण्णांनी अंघोळ केली, कंपनीचा निळा शर्ट घातला आणि दारातल्या ओट्यावर उभे राहिले. गाडी समोर स्टँडवर लावली होती. मी पाना पुढं केला. अण्णा गाडीकडं बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही हलत का नाय?"

मला कळेना. "बंदच आहे ना अण्णा, हलेल कशी?"

"तसं नाय. माझ्या म्होरनं जाती ना ती. डाव्या अंगानं येती. आशी उभी गाडी म्या कधी हातात घेतलीच नाय."

मी आईकडं पाहिलं, आईनं माझ्याकडं. हसू आलं तर अण्णा आत निघून जातील आणि आत टीव्हीवर कापडाचं दुकान बसलेलं आहे, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी ओठ चावला आणि हँडल धरलं. आईनं पदर खोचून मागून कॅरिअर धरलं. आम्ही गाडी स्टँडवरून उतरवली, फाटकापर्यंत मागं नेली आणि डावीकडून हळूहळू ढकलत त्यांच्यासमोर आणू लागलो.

"थांबा थांबा!" अण्णा ओरडले. "हे तर बसवायचं झालं. आपल्याला आधी जुनं काढायचंय!"

"मग?"

अण्णांनी डोकं खाजवलं. चेहरा उजळला. "मग उलट! उजव्या अंगानं आणा!"

तर आमच्या ओट्यासमोर कंपनीची लाईन उलटी चालू झाली. आम्ही दोघी फटफटी उजवीकडून डावीकडं, मागचं चाक पुढं करून ढकलत होतो आणि अण्णा तिच्याबरोबर सरकत एकेक नट सोडत होते. खरं सांगते, त्यांचे हात असे चालायला लागले की मी ढकलणं विसरून बघत राहिले. "लाईन थांबवू नको!" ते खेकसले. समोरच्या घरातली माणसं खुर्च्या बाहेर घेऊन बसली. कुणीतरी विचारलं, "काय चाललंय?" आई म्हणाली, "ओव्हरटाइम."

पण इंजिनाला नुसते बोल्ट नसतात. वायरी असतात, क्लचची तार असते, चेन असते, पेट्रोलची नळी असते. ते सगळं सोडायची वेळ आली तेव्हा अण्णांनी हात वर केले. "ते म्होरच्या लोकांचं." मी घाबरले. सोडता येईल, पण परत कुठली वायर कुठं जोडायची? आई आत गेली आणि शिवणाचा डबा घेऊन आली. ती गल्लीभरच्या बायकांचे ब्लाउज शिवायची. कुणाची बाही कुणाला लागू नये म्हणून एका ब्लाउजच्या सगळ्या तुकड्यांना एकाच रंगाचा दोरा बांधायची तिची रीत. तिनं प्रत्येक जोड सुटण्याआधी दोन्ही टोकांना एकाच रंगाचा दोरा बांधला. लाल लालला, मोरपंखी मोरपंखीला. दुपारपर्यंत आमची गाडी हळदीकुंकवाला निघालेली दिसत होती. जुनं इंजिन खाली उतरवलं आणि त्याच्यावरचे दोरे बघून आईनं मामाच्या इंजिनालाही तेच रंग बांधले.

ओट्यासमोरच्या पोर्चच्या स्लॅबला एक लोखंडी कडी होती. माझा पाळणा तिलाच टांगलेला असायचा. आईच्या जुन्या लुगड्याची झोळी करून मामाचं इंजिन त्या कडीला टांगलं. ते हळूहळू झुलायला लागलं. समोरच्या खुर्च्यांतून विचारणा झाली की नाव काय ठेवणार. मी हसत खालीच बसले. अण्णासुद्धा हसले, पण एक डोळा इंजिनावर ठेवून. मग शर्टाच्या बाह्या सारख्या करून म्हणाले, "आता सरळ लाईन. आणा."

आम्ही गाडी डावीकडून आणली. अण्णांनी एका हातानं झोळीला थोपवलं, इंजिन कुशीत घेतल्यासारखं सांगाड्यात सारलं, गुडघ्यानं थोडं उचललं, आणि एक बोल्ट आरपार. दुसरा आरपार. तिसरा आरपार. प्रत्येकावर नट, अंगठ्याची गिरकी, आणि डावीकडे अर्धं पाऊल. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि मी वाजवल्याही. तो सगळा प्रकार एवढा सुरेख होता की पुढचं काही कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही मायलेकींनी रंगाला रंग जुळवून वायरी जोडल्या, तार अडकवली, चेन चढवली.

मी सीटवर बसले आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. घाम फुटला. दारातून टीव्ही दिसत होता आणि टीव्हीवरचा तो मुलगा माझ्याकडं बघून हसत होता, त्याचे दात फार सरळ होते. मी अण्णांना विचारलं, आता काय? "म्होरचं आपल्याला म्हाईत नाय," अण्णा बारीक आवाजात म्हणाले. तेवढ्यात माझं लक्ष पेट्रोलच्या चावीकडं गेलं. ती कुणीतरी अशी गच्च बंद केली होती की माझी बोटं लाल झाली तरी फिरेना. कुणीतरी म्हणजे आई. सकाळी गाडी पुसताना तिला ती "सैल दिसली" होती.

चावी उघडली, किक मारली आणि गाडी सुरू झाली.

मी ओरडले. समोरच्या खुर्च्या ओरडल्या. अण्णा मात्र जागच्या जागी उभे राहून इंजिनाकडं बघत होते, तोंड थोडं उघडं. मग माझ्या लक्षात आलं. ह्या माणसानं आयुष्यभर इंजिनं बसवली, पण आपण बसवलेलं इंजिन सुरू होताना कधी ऐकलं नव्हतं. गाड्या सुरू व्हायच्या त्या लाईनच्या शेवटी, दुसऱ्या शेडमध्ये. तिथून यायचा तो सगळ्यांचा मिळून आवाज. त्यातला आपला कुठला, हे कळायची सोय नव्हती.

"ऐकलं का गं," ते आईला म्हणाले. "ऐकलं का? हे मपलं हाय."

मी आनंदानं ॲक्सिलरेटर पिळला. गाडी गुरगुरली, मग थरथरली, मग खडखडायला लागली. अण्णा हात उंचावून म्हणाले, "आजून दे!" मी आणखी दिला. आता माझे दात वाजत होते, हँडल हातात राहीना, पायांखाली कुणीतरी ताशा बडवतंय असं वाटत होतं. एक नट टणकन उडाला आणि तुळशीकडं गेला. मला वाटलं हे असंच असतं, नवीन इंजिन आहे.

"बंद कर!" आई किंचाळली. "बंद कर आधी! झाकणं!"

"काय?"

"आगं झाकणं! झाकणं!"

मी गाडी बंद केली. आई कमरेवर हात ठेवून अण्णांसमोर उभी राहिली. "आवो, ते नट तुमी आवळले का नुसते ठिवले?"

अण्णांनी स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलं. "आवळायचं काम म्होरच्याचं," ते म्हणाले. "त्याच्याकडं हवेची गन ऱ्हाती. आपण दोन आटे फिरवायचे, की तो फुर्रर्र करून आवळतो. आपण आवळत बसलं तर लाईन थांबंल ना."

मग एकदम माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं आलं. लोणच्याची बरणी, रॉकेलचा कॅन, साखरेचा डबा, अंगठ्याची गिरकी, अर्धं पाऊल. माझ्या लहानपणी सांडलेलं सगळं लोणचं. मी टाकीवर डोकं टेकून हसायला लागले. आई खांबाला धरून हसत होती, तिला श्वास घेता येईना. "म्हंजी म्या... म्हंजी इतकी वर्सं म्या गन हाय व्हय तुमची!" एवढं ती कसंबसं म्हणाली आणि ओट्यावर बसली. अण्णा आधी गोंधळले, मग त्यांनाही फुटलं. तिघं असे हसलो की समोरच्यांना वाटलं, पोरीची नोकरी गेली आणि ह्यांना वेड लागलं.

नोकरी अजून जायची होती. उडालेला नट आधी सापडायला हवा होता आणि ऊन कलायला लागलं होतं. मी तुळशीभोवतीची माती चाळली, चपला उलट्या केल्या. शेवटी तो आईलाच तुळशीपाशी ठेवलेल्या रांगोळीच्या डब्यात मिळाला. डब्यावर झाकण अर्थातच नुसतं ठेवलेलं होतं, ते सरकलं होतं आणि नट थेट आत गेला होता. "बघा," अण्णा म्हणाले, "आवळलं आसतं तर कुठं गेला आसता कोण जाणे." आईनं त्या डब्याचं झाकण आवळलं.

मग आईनं पाना घेतला. पलीकडून बोल्टचं डोकं धरून ठेवायला अण्णा बसले, अलीकडून आई. तिनं दोन्ही हातांनी पाना असा ओढला की गाडी जागची हलली. इतक्या वर्षांत पुढच्या माणसाचं काम अण्णांनी जवळून पहिल्यांदाच पाहिलं असावं. दोन नट झाल्यावर ते म्हणाले, "शेवटचा मला दे." आईनं पाना दिला. अण्णांनी नट ठेवला, अंगठ्यानं गिरकी दिली आणि त्यांचा पाय डावीकडे सरकला.

"कुठं निघालात?" आई म्हणाली.

अण्णा परत आले. खाली बसले आणि आवळायला लागले. आवळतच राहिले. कपाळाची शीर टरारली. आई म्हणाली, "बास, आटे जातील," तरी आणखी थोडं. मग ते उठले आणि पाना आईला परत दिला. आता किक मारली तर इंजिन पहिल्या दमात सुरू झालं आणि शहाण्यासारखं एका लयीत चालत राहिलं. आईनं हँडलवर हळदकुंकू वाहिलं, मग पेट्रोलची चावी पुन्हा एकदा तपासून पाहिली, आणि ह्या खेपेला आवळली नाही.

मी अण्णांना मागं बसवलं. एमआयडीसीचे रस्ते रविवारचे ओस होते. मी गाडी सोडली. वारं कानांत, अण्णांचा निळा शर्ट फडफडत होता आणि मी मोठमोठ्यानं गात होते, काय ते आता आठवत नाही. कंपनीच्या फाटकाजवळून जाताना अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लई गाड्या बसवल्या बघ," ते माझ्या कानाशी ओरडून म्हणाले. "कोणती कुठं गेली, नाय कळलं. ही कुठं जाती ते म्हाईत ऱ्हाईल मला." माझं गाणं बंद झालं, डोळ्यांत वाऱ्यानं पाणी आलं म्हणून. वाऱ्यानंच असं नाही.

सोमवारी पहाटे मी उठले तर अण्णा स्वयंपाकघरात होते. आईनं भाकरी बांधली, अण्णांनी माझ्यासाठी पाण्याची बाटली भरली. मी शाळा भरायच्या आधी पोचले. मुख्याध्यापकांनी आधी गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग गाडीच्या क्लचवर राहून गेलेल्या मोरपंखी दोऱ्याकडं, आणि पहिलीचा वर्ग दिला. दुपारच्या सुट्टीत मी डबा उघडला, बाटली घेतली आणि सवयीनं बुडाला धरून अलगद झाकण उचलायला गेले. उचललं जाईना. फिरवलं. फिरेना. ओढणी गुंडाळून फिरवलं. मुख्याध्यापकांनी रुमाल घेऊन प्रयत्न केला, चौथीच्या गुरुजींनी दाराच्या फटीत अडकवून पाहिलं, शिपाईमामांनी उन्हात ठेवली. कुणाला उघडली नाही. मी शाळेच्या माठातलं पाणी प्यायले आणि ती भरली बाटली तशीच पिशवीत ठेवली. त्या दुपारी माझ्याइतकं खूश त्या तालुक्यात दुसरं कुणी नसेल.

दिवे लागायच्या आत मी गल्लीत वळले. टीव्हीवरचा फोटो आईनं काढून ठेवला होता. अण्णा फाटकाशीच उभे होते, पहिल्या पाळीहून येऊन कपडेही न बदललेले. वर्ग कुठला मिळाला, पोरं कशी आहेत, यातलं त्यांनी काही विचारलं नाही.

"बाटली उघडली का गं?"

"नाही अण्णा. कुणालाच नाही उघडली."

"मग ठीक हाय," ते म्हणाले, आणि गाडी आत घ्यायला मला फाटक उघडून दिलं.